थंडी चाललीय, गच्ची रिकामीच!

कल्याणला थंडी पडली हे आपल्याला थर्मामीटरवरून नाही, स्टेटसवरून कळतं. ‘बदलापूर १३, कल्याण १५’ असा स्क्रीनशॉट सकाळी सातच्या आत पाच ग्रुपवर येऊन पडतो. वर्षभर कपाटात घडी घालून ठेवलेली हुडी बाहेर निघते. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याकडे गर्दी वाढते. आणि दुपारी बारा वाजता तीच हुडी कमरेला बांधून आपण घामाघूम होत कॉलेजमधून बाहेर पडतो. एवढीच आपली थंडी. पुण्याच्या भावंडांनी तिची टिंगल करायची, आणि आपणही करायची.

पण सकाळी पंधरा आणि दुपारी तीसच्या आसपास जाणारी ही जी आपली थंडी आहे ना, तेवढी ऊब मिळावी म्हणून जगात लोक पदरमोड करून प्लॅस्टिकची घरं बांधतात. तुमच्या-माझ्यासाठी नाही, पालकासाठी. आपल्याला ती आयती मिळते आणि आपण तिचं स्टेटस करतो. माझं म्हणणं असं की, या चार महिन्यांत कल्याण-डोंबिवलीतल्या कॉलेजांच्या गच्च्या रिकाम्या राहणं ही साधी गोष्ट नाही. ते का, हे सांगायला आधी जरा लांब जावं लागेल. लेहपर्यंत.

‘थ्री इडियट्स’ बघून लडाखला जायचं प्लॅनिंग आपल्या प्रत्येक ग्रुपनं एकदा तरी केलेलं असतं, आणि ते प्रत्येक ग्रुपचं फिसकटलेलंही असतं. ते प्लॅनिंग कायम उन्हाळ्याचं असतं. हिवाळ्यातलं लेह आपल्या डोक्यात नसतंच. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंची, रात्री उणे वीसच्या आसपास पारा, आणि बर्फानं बंद झालेले घाटरस्ते. झोजिला बंद, मनालीकडचा रस्ता बंद. मग ताजी भाजी यायची ती विमानानं, आणि तिचा भाव ऐकून लोक ती लांबूनच बघायचे. बाकी घरात उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली पालेभाजी, खड्ड्यात पुरून ठेवलेले बटाटे आणि सलगम. सहा महिने.

यावर तिथं जो उपाय निघाला तो ऐकायला एकदम साधा आहे. असं ग्रीनहाऊस, की ज्यात हीटर नाही, शेगडी नाही, वीजच नाही. लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, म्हणून दक्षिणेची बाजू सगळी प्लॅस्टिकची. उरलेल्या तीन बाजूंना मातीच्या विटांच्या जाड, दुहेरी भिंती, आणि दोन भिंतींच्या मधल्या फटीत गवत नाहीतर भुसा ठासून भरायचा. उत्तरेची भिंत आतून काळी रंगवायची. दिवसभर ती भिंत ऊन पिते आणि रात्री पीत बसलेली ऊब हळूहळू सोडते. बाहेर पाणी गोठतंय आणि आत कोथिंबीर उभी आहे. ‘जेरेस’ ही फ्रेंच संस्था आणि तिथल्या स्थानिक संस्थांनी मिळून ही घरं गावागावांत पोचवली. लेहमधल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेनं त्याहून स्वस्त प्रकार लोकांना दाखवला. जमिनीत तीनेक फूट खोल चर खणायचा, आत भाजी पेरायची आणि वरून प्लॅस्टिक टाकायचं. आणि ज्यांच्यामुळे आपल्याला फुनसुख वांगडू आठवतो त्या सोनम वांगचुक यांच्या ‘सेकमॉल’ शाळेत तर ग्रीनहाऊस इमारतीच्या दक्षिण अंगालाच चिकटवलेलं असतं. भाजीही होते आणि मुलांच्या खोल्याही गरम राहतात.

आता यातली गंमत. हे घर बाहेरचा हिवाळा घालवत नाही, त्याची धार तेवढी कमी करतं. अमेरिकेत मेन नावाच्या अतिथंड राज्यात एलियट कोलमन नावाचा एक शेतकरी-लेखक आहे. तो गेली कित्येक वर्षं असल्याच बिनहीटरच्या प्लॅस्टिकच्या बोगद्यांत भर हिवाळ्यात भाजी काढतो. त्याचा हिशोब मला फार आवडतो. तो म्हणतो, पिकावर प्लॅस्टिकचा एक थर टाकला की तुमचं शेत पाचशे मैल दक्षिणेला सरकलं असं समजा. आत पिकाच्या अंगावर पातळ कापडाचा दुसरा थर टाकला की आणखी पाचशे मैल. आणि पालक, मुळा, गाजर, कोबी ही मंडळी मुळात थंडीची सवय असलेलीच असतात. गारठा वाढला की ती आपल्या पेशींत साखर वाढवतात, कारण साखर असलेलं पाणी लवकर गोठत नाही. थंडीतलं गाजर गोड लागतं त्यात या साखरेचा मोठा वाटा आहे. हलव्याचं श्रेय थोडं गारठ्यालाही द्या.

पण एका गोष्टीवर कोलमनकडेही इलाज नाही, आणि ती म्हणजे उजेड. दिवस दहा तासांच्या खाली गेला की रोपं मरत नाहीत, पण त्यांची वाढ जवळजवळ थांबते. नुसती उभी राहतात, एटीकेटी लागलेल्या मुलासारखी. म्हणून तो ऑक्टोबर संपायच्या आत भाजी वाढवून ठेवतो आणि पुढचे तीन महिने फक्त काढतो. लेहला वर्षातला सगळ्यात लहान दिवस दहा तासांच्या आसपास येऊन टेकतो. कल्याणला? आपण १९ अक्षांशावर आहोत. २१-२२ डिसेंबरलाही आपल्याकडे सूर्य जवळपास अकरा तास असतो. म्हणजे आपल्याकडे असा एकही दिवस नाही, की ज्या दिवशी पालकाला उजेड कमी पडला म्हणून वाढता आलं नाही.

आता हे दोन्ही आकडे एकत्र ठेवून बघा. लेहचा शेतकरी भिंती बांधून, भुसा ठासून, रात्री वरून पडदे ओढून आतमध्ये जी हवा तयार करायला धडपडतो, त्याहून चांगली हवा आपल्या शिवाजी चौकात उघड्यावर असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अख्खं कल्याण हेच एक ग्रीनहाऊस असतं आणि आपण त्याच्या आत राहतो. इथं खरोखरचं बंद प्लॅस्टिकचं घर बांधलंत तर भाजी आतल्या आत शिजेल. आपल्या राज्यात तळेगाव-मावळच्या बाजूला जी पॉलिहाऊस दिसतात, ती ऊब कोंडायला फारशी नसतातच. पाऊस, कडक ऊन आणि कीड बाहेर ठेवायला असतात, म्हणून त्यांना छतात हवा जायला जागा सोडलेली असते.

सगळंच येतं असं नाही, हेही सांगायला हवं. मटार आपल्यावर रुसतो. दुपारी तिशी ओलांडली की त्याची फुलं गळतात, त्यामुळे मटारासाठी घाट चढावाच लागतो. पण मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, लाल माठ, नवलकोल, वांगी, टोमॅटो ही मंडळी आपल्याकडे थंडीत खुशीत असतात. यातली मेथी, पालक आणि कोथिंबीर तर उन्हाळ्यात आपल्याला विचारतसुद्धा नाहीत. एप्रिलमध्ये पालक पेरलात तर बी धड उगवत नाही, आणि कोथिंबीर पानं धरायच्या आधीच तुरे काढते. म्हणजे संधी हीच. याच चार महिन्यांची.

आणि हे कल्याणला नवीन नाही. आपल्या आजूबाजूच्या गावांत भात कापून झालं की त्याच शेतात वाल टाकायची पद्धत आहे. त्याला पाणी देत नाहीत. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर वाल उभा राहतो. सोबत हरभरा, मूग, चवळी. बिनपाण्याचं, बिनखर्चाचं दुसरं पीक. जानेवारीत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्याच शेंगांची पोपटी लागते आणि आपण त्याचे रील टाकतो. त्या वालाच्या जमिनी कुठे आहेत आता? शिळफाटा रस्त्यानं एकदा बसच्या खिडकीतून नीट बघत जा. काटई, निळजे, घेसर, कोळे, हेदुटणे. ही त्या दहा गावांतली नावं आहेत, जिथं एमएमआरडीएचं कल्याण ग्रोथ सेंटर आखलंय. ‘ग्रोथ’ हा शब्द तिथं पिकाला लागू नाही. ज्यांनी जमिनी विकल्या त्यांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही. भातात काय सुटतं आणि चौरस फुटात काय सुटतं, हे गणित त्यांनी केलं. त्यांच्या जागी असते तर मीही केलं असतं. आणि आपल्यातले कितीतरी जण त्याच फ्लॅटमध्ये राहतात. पण शहराच्या कडेची शेती गेली की शहराची भाजी लांब जाते, एवढं तरी मान्य करू. कसारा घाटात ट्रक अडकला की कल्याणमध्ये कोथिंबिरीची जुडी उड्या का मारते, ते यातच आलं. मुरबाड-शहापूरकडून टोपली घेऊन येणाऱ्या मावशी अजून येतात. त्या किती दिवस येतील, हे मुरबाड रस्त्याला किती टॉवर उभे राहतात त्यावर आहे.

मग शहराच्या आत काहीच पिकत नाही का? पिकतं की. रोज बघता तुम्ही. लोकलच्या दारात उभे असताना दोन्ही बाजूंना रुळांलगत जे हिरवेगार वाफे दिसतात ना, ते. रेल्वेची ‘ग्रो मोअर फूड’ नावाची जुनी योजना आहे. रुळांलगतच्या मोकळ्या जागेवर अतिक्रमण होऊ नये आणि भाजीही पिकावी, म्हणून ती जागा रेल्वेच्याच कर्मचाऱ्यांना लागवडीला द्यायची. कल्पना उत्तम. पण रुळांलगत नळ नसतो, नाला असतो. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी पंप नाल्याला लागतो, आणि त्या पाण्यावर पालक, माठ, मेथी, अळू असं सगळं लुसलुशीत येतं. इतकं लुसलुशीत, की बाजारात हात आधी त्याच जुडीकडे जातो.

इथं एक गैरसमज आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. ‘मिठाच्या पाण्यात घातली की झालं.’ धुतल्यानं माती जाते, वरचे जंतू बऱ्यापैकी जातात, शिजवल्यानं उरलेले बरेचसे मरतात. पण नाल्याच्या पाण्यात कारखान्यांकडून आलेलं शिसं, कॅडमियम असे धातू असले तर ते पानावर बसलेले नसतात. मुळांनी ते पाण्यासोबत आत ओढलेले असतात. ते मिठानं जात नाहीत आणि कुकरच्या चार शिट्ट्यांनीही जात नाहीत. आणि सगळ्या भाज्यांत पालेभाज्या हे काम जरा जास्तच उत्साहानं करतात. म्हणजे आई ज्या भाजीच्या मागे लागते, नेमकी तीच.

आणि आपल्या नाल्यांचं म्हणाल तर वालधुनी डोळ्यांसमोर आणा. ती मुळात नाला नाहीच, नदी आहे. अंबरनाथचं जे शिवमंदिर बघायला आपण ट्रिपला जातो, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०च्या शिलालेखाचं, ते तिच्याच काठी आहे. कुणीतरी हजार वर्षांपूर्वी देऊळ बांधायला हा काठ निवडला, म्हणजे पाणी बरं असणार. आज ती अंबरनाथच्या कारखान्यांतून आणि उल्हासनगरच्या वस्तीतून, जीन्सच्या धुलाई-रंगाईतून कल्याणला पोचते तेव्हा गाडी पुलावर आली की लोक नाकाला रुमाल लावतात. यावर हरित लवादात खटले झाले, आदेश निघाले, दंड झाले. पुलावरचा रुमाल अजून निघालेला नाही.

रुळांवर भाजी लावणाऱ्यांना झोडपणं सोपं आहे. दर थोड्या महिन्यांनी कुणीतरी व्हिडिओ टाकतं, ‘बघा, तुम्ही काय खाता’ म्हणून, आणि खाली त्या माणसाला शिव्यांचा पाऊस पडतो. नाल्यात रंग सोडणाऱ्याचा व्हिडिओ मात्र कुणी काढत नाही. उन्हात पाठ मोडून पालक काढणाऱ्या माणसानं त्या पाण्यात रसायन घातलेलं नाही. तो फक्त सगळ्यात आधी दिसतो, कारण तो आपल्या खिडकीबाहेर आहे.

तर परिस्थिती अशी. हवा फुकट, ऊन फुकट, पिकवायचं कसं हे दोन पिढ्यांपूर्वी गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. आणि आपण नाल्यावरची भाजी खातो. यात कॉलेज कुठून आलं?

कारण कॉलेजकडे तीन गोष्टी एकाच जागी आहेत, ज्या आपल्या वन बीएचकेमध्ये नाहीत. मोठी, उन्हाची गच्ची. कँटीनचा ओला कचरा. आणि फुकटात राबणारे हात, म्हणजे आपण. एनएसएसला वर्षाला १२० तास भरायचे असतात. ते कसे भरले जातात हे आपल्याला माहीत आहे आणि सरांनाही माहीत आहे. एक रॅली, एक पथनाट्य, एक ‘स्वच्छता अभियान’, ज्यात झाडूपेक्षा फोटो जास्त. त्यातले चाळीस तास नोव्हेंबर ते फेब्रुवारी गच्चीला द्या, एवढंच मागणं आहे.

हे हवेतलं नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर हे होऊन गेलंय. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांच्यापुढे रोजचा प्रश्न होता तो स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचा. भाजीची देठं, सालं, उरलंसुरलं. तो खाली पाठवण्याऐवजी वर नेला, गच्चीवर त्याची माती केली आणि त्या मातीत भाज्या, फळझाडं लावली. डॉकयार्डच्या मधोमध, सिमेंटवर. पुढे त्यातून ‘अर्बन लीव्ह्ज’ हा गट उभा राहिला आणि शहरात लोक एकत्र येऊन गच्चीवर शेती करायला लागले. त्यामागचं शास्त्र कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांकडून आलेलं. हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू, गणिताचे माणूस. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावानं शेतकऱ्यांचं जाळं विणलं. थोडी जागा, थोडं पाणी, आजूबाजूचा पालापाचोळा आणि पानावर पडणारं ऊन मोजायची सवय, एवढ्यावर एक कुटुंब किती पिकवू शकतं याची गणितं ते मांडत राहिले. कॉलेजात सस्टेनेबिलिटीवर पीपीटी करताना आपण युरोपातली उदाहरणं शोधतो. कोल्हापूरचं हे उदाहरण कुठल्याच पीपीटीत दिसत नाही.

ओल्या कचऱ्याचं कल्याणला वेगळं सांगायला नको. आधारवाडीच्या डंपिंगचा धूर ज्यांनी खाल्लाय त्यांना तर नाहीच. वर्षानुवर्षं तिथं जे पेटायचं, त्यात देठं-सालं आपल्याच घरातली होती.

आता हरकती. या मी स्वतःच काढते, म्हणजे मीटिंगमध्ये तुम्हाला ऐकाव्या लागणार नाहीत.

पहिली हरकत म्हणजे गच्ची गळेल. ही हरकत खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नका. ओली माती प्रचंड जड असते. सहा इंच मातीचा वाफा एका चौरस मीटरवर पसरलात तर वजन अडीचशे किलोच्या वर जातं, आणि नेहमीची गच्ची साधारण दीडशे किलो धरून बांधलेली असते. म्हणून गच्चीवर मातीचा ट्रक उतरवायचाच नाही. सुका पालापाचोळा, कुजवलेला कँटीनचा कचरा, थोडा कोकोपीट आणि नावाला माती असं हलकं मिश्रण, तेही फळांच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये, विटांवर उचलून, म्हणजे खालून पाणी वाहून जातं आणि कुठे मुरतंय ते दिसतं. क्रेट मधोमध रचायचे नाहीत, बीमच्या वर आणि कडेनं, अंतर ठेवून. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा कागद आधी मागा. दर पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते त्या शहरात आपण राहतो. ऑडिट नसेल तर गच्ची सोडा, तळमजल्यावर पार्किंगच्या कडेला ऊन कुठे येतं ते बघा. सिव्हिल डिप्लोमाचा एखादा मित्र असेलच, त्याला घेऊन जा. त्यालाही प्रोजेक्ट हवाच असतो.

दुसरी, पाणी. जानेवारीत एका चौरस मीटरला दिवसाला चार-पाच लिटर पुरतं. दहा चौरस मीटरचे क्रेट असले तरी दोन-तीन बादल्या. कँटीनमध्ये डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी याहून जास्त निघतं. ते आत्ता कुठे जातं? नाल्यात.

तिसरी हरकत मला जास्त खुपते, कारण ती आपल्यासारख्याच मुलांकडून येते. ‘यानं काय होणार? दहा क्रेटनं शहर जेवणार आहे का?’ नाही जेवणार. कँटीनसुद्धा चालणार नाही. महिन्यातून दोनदा सगळ्यांना मेथीचे पराठे मिळाले तरी खूप झालं. मायक्रोग्रीन्सचे रील टाकणारे ‘शहर स्वयंपूर्ण होईल’ म्हणतात ते मला पटत नाही. आणि बाल्कनीत चार कुंड्या ठेवल्या की वालधुनी साफ होते, असंही कुणी समजू नये. उलट ही कुंडीवाली चळवळ कधीकधी घातक ठरते. ज्यांना परवडतं ते आपलं ‘ऑरगॅनिक’ बघतात आणि बाकीच्यांचा नाला बाकीच्यांवर सोडतात.

म्हणूनच मी कॉलेज म्हणते, बाल्कनी नाही. एका बॅचनं एका सेमिस्टरमध्ये स्वतः एक जुडी मेथी काढली, की तिला काही प्रश्न पडायला लागतात, जे लेक्चरमध्ये पडत नाहीत. ही जुडी दहा-पंधरा रुपयांना कशी काय परवडते कुणाला? रुळांवरच्या भाजीला शुद्ध पाणी द्यायचं म्हटलं तर कुठून देता येईल? पालिका सांडपाणी शुद्ध करते ते पाणी पुढे कुठे जातं, आणि ते या वाफ्यांना का मिळत नाही? केमिस्ट्रीची लॅब तर आपल्याच इमारतीत आहे. बाजारातल्या पालकाचा नमुना तपासायला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला कोण अडवतंय? ग्रोथ सेंटरच्या नकाशात भाजीच्या शेतीला एक पट्टा का नाही, हे विचारायला मास मीडियाच्या मुलांनी जायला नको का? हे प्रश्न विचारायला आधी मेथी पेरलीच पाहिजे असं नाही. पण न पेरता आपण इतकी वर्षं ते विचारलेले नाहीत, हेही तेवढंच खरं.

आणि वेळापत्रक बघाल तर हसायला येईल इतकं जुळतं. आपली ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा संपते तेव्हा पेरणीचा हंगाम सुरू होतो. नवीन सेमिस्टरची पहिली दोन-तीन आठवड्यांची जी ‘अजून लेक्चर नीट सुरू नाहीत’वाली फेज असते, त्यात क्रेट भरून होतात. मेथी पंचवीस-तीस दिवसांत, पालक महिना-सव्वा महिन्यात, मुळा दीड महिन्यात. पालक मुळासकट उपटायचा नाही, वरून कापायचा, पुन्हा फुटतो. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढतं तोवर दोन-तीन तोडे होतात आणि आपली प्रिलिम येते. मार्चमध्ये वर अर्धं ऊन अडवणारी हिरवी शेडनेट बांधली तर माठ आणि चवळी पुढेही चालते. नसेल जमत तर क्रेट उलटे करून ठेवा, त्यातली माती पुढच्या नोव्हेंबरला आणखी चांगली होते.

आता डिसेंबर सुरू झालाय. मेथीसाठी बियाण्याचं दुकानही शोधायला नको, किराण्यातली फोडणीची मेथी रात्रभर भिजवून टाकली तरी उगवते. धणे हलके रगडून दोन फाकांत फोडायचे आणि पेरायचे. पालक आणि मुळ्याचं बी मात्र दुकानातूनच आणा, पाकिटावरची तारीख बघून. पंधरा तारखेच्या आत टाकलंत तर जानेवारीत, कॉलेज फेस्टच्या आसपास, पहिली मेथी निघेल. प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जाताना एनएसएसच्या सरांना सोबत घ्या. अर्जात ‘गार्डन’ लिहू नका, ‘ओला कचरा व्यवस्थापन’ लिहा, सही लवकर होते. आणि त्याआधी एक काम. गच्चीची चावी कुणाकडे असते ते शोधून ठेवा. बहुतेक शिपाईकाकांकडेच असते, आणि त्यांचं गाव मुरबाडकडचं असेल तर क्रेट कसे भरायचे हे तेच तुम्हाला सांगतील.